त्या कधी ‘खा’ म्हणाल्या नाहीत

बातमी आली तेव्हा उज्ज्वलाताईंचा डबा आमच्या ओट्यावर पालथा घातलेला होता. रविवारची सकाळ, साडेआठ वाजले असतील. फोन परभणीहून, त्यांच्या खोलीच्या खाली औषधाचं दुकान आहे तिथल्या मालकाचा. “बाई, मॅडम गेल्या,” म्हणाले. पहाटे छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं, दुपारी वालूरला त्यांच्या गावी नेणार, हे त्यांनी मी न विचारताच पुढं सांगितलं. वय अठ्ठेचाळीस. मी फोन ठेवला आणि बराच वेळ त्या डब्याकडं बघत राहिले. दोन कप्प्यांचा साधा स्टीलचा डबा, झाकणावर त्यांच्या वडिलांचं नाव कोरलेलं. दोन आठवड्यांपूर्वी माझी लेक शीतल त्यांना भेटायला गेली होती, तेव्हा त्यांनी त्यातून अंबाडीची भाजी पाठवली होती. डबा रिकामा परत द्यायचा नसतो. धपाटे करून भरून देऊ, म्हणून मी ठेवून घेतला होता. पण खरं कारण ते नव्हतं. डबा द्यायला गेले असते तर उज्ज्वलाताईंनी मला नेहमीचा प्रश्न विचारला असता, “सांगितलं का, बाई?” आणि मला नेहमीसारखं “नाही अजून” म्हणावं लागलं असतं. माझ्या लेकीची मला माफी मागायची होती, आणि ती मी दोन वर्षं टाळत आले होते. माफीची टाळाटाळ म्हणून डब्याची टाळाटाळ... हे लिहितानाही मला माझाच वीट येतो.

त्या डॉक्टर नव्हत्या. लोक डॉक्टरीण म्हणायचे आणि त्या दरवेळी दुरुस्त करायच्या. वालूरच्या एका बौद्ध शिक्षकाची मुलगी. मानसशास्त्र शिकून समुपदेशक झालेली, पुढं पुण्याला जाऊन मनावरच्या आघातासाठी डोळ्यांच्या हालचालींची उपचारपद्धत शिकलेली. परभणीत औषधाच्या दुकानावर एक खोली, बाहेर बाकडं, आत दोन खुर्च्या. त्या खुर्च्या समोरासमोर नसायच्या, शेजारीशेजारीही नसायच्या. जरा तिरक्या, बसणाऱ्यांच्या नजरा एकमेकींना ओलांडून जातील अशा. पहिल्यांदा गेले तेव्हा मी शाळेतल्या सवयीनं त्या सरळ करून ठेवल्या होत्या. त्यांनी आल्या आल्या काही न बोलता परत तिरक्या केल्या.

आम्ही त्यांच्याकडं का गेलो ते सांगते. सहा वर्षांपूर्वी शीतल बारावीत होती. सेलूला नात्यातलं लग्न होतं. लग्नघरी पंगतीला फार गर्दी, म्हणून आम्ही न जेवताच घरी जिंतूरला निघालो. जीप माझे मिस्टर चालवत होते. देवगाव फाट्याजवळ आल्यावर मागून शीतल म्हणाली, “पप्पा, भूक लागायली.” त्यांनी हसून गाडी बाजूला घेतली. रस्त्याच्या पलीकडं गरम भजी तळत होते. पुडी घेऊन परत रस्ता ओलांडताना जिंतूरकडून आलेल्या ट्रकनं त्यांना उडवलं. पुडी हातातच राहिली होती. कितीतरी दिवस मला माणसं तेच सांगायची, पुडी हातातच होती म्हणून. हे लोकांना का सांगावंसं वाटतं, कोण जाणे.

त्यानंतर शीतलनं उपास धरले. आधी सोमवार. मग गुरुवार, शनिवार, दोन्ही चतुर्थ्या, एकादशी. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो, त्या दारात येणाऱ्या प्रत्येकीला सांगायच्या, “लय गुणाची हाय पोरगी. बापासाठी उपास करायली.” आणि मी? मी जिल्हा परिषदेची शिक्षिका, मुलांची वजनं-उंच्या नोंदवणारी, मीसुद्धा मधल्या सुट्टीत इतर बाईंना अभिमानानं तेच सांगत होते. आमच्याकडं मुलीनं जेवण नाकारलं तर आई काळजी करते. पण देवाचं नाव घेऊन नाकारलं तर आई तिची दृष्ट काढते. उपासाच्या दिवशी खिचडीची वाटी तिच्या खोलीत जायची आणि ती तिथून गच्चीवरच्या पाखरांकडं जायची, हे मला फार उशिरा कळलं. उपास नसलेल्या दिवशी तिचं डोकं दुखायचं, नाहीतर मैत्रिणीकडं खाऊन झालेलं असायचं. मधेच कधीतरी दुपारी घरातले शेंगदाणे, गूळ, कालच्या भाकरी असं सगळं एकदम खाऊन टाकायची आणि न्हाणीत जाऊन ओकायची. मी म्हणायचे, पित्त झालंय. आवळासुपारी द्यायचे! पाळी थांबली, केस मूठमूठ गळायला लागले, तरी आमचं पित्तच. शेवटी कॉलेजात चक्कर येऊन पडली तेव्हा परभणीच्या एका डॉक्टरांनी तिला तपासलं, मला बाहेर बोलावलं आणि विचारलं, “ही शेवटची पोटभर कधी जेवली?” मी उपासांचे वार मोजत राहिले. त्यांनीच उज्ज्वलाताईंचा पत्ता दिला.

मला वाटलं होतं, दोनचार बैठकांत काम होईल. एक शिक्षिका म्हणून मला अभ्यासक्रम कधी संपणार हे आधी कळायला हवं असतं. पण पहिले पाच महिने उज्ज्वलाताईंनी त्या फाट्याचं नावसुद्धा काढलं नाही. डॉक्टरांकडून रक्ताच्या तपासण्या, वजन, दिवसातून सहा वेळा थोडंथोडं काहीतरी पोटात. आणि शीतलला एक जागा शोधायला लावली, जिथं मनानं गेलं की जीव शांत होतो अशी. तिनं बोरीच्या आजोळची जागा निवडली. माझ्या माहेरी दिवाळीनंतर पुढच्या खोलीत कापसाचा ढीग लागायचा, लहानपणी ती त्यावर जाऊन झोपायची. ती जागा ती डोळ्यांपुढं आणायची, आणि तिथून परत यायचं, परत जायचं, एवढंच महिनोन्‌महिने चाललेलं. मी चिडायचे. “मॅडम, मूळ दुखण्याला हात कधी लावणार?” त्या म्हणायच्या, “अंगात जीव नसताना आठवण उकरायची नसते, बाई. आधी तिला ती आठवण सोसवली पाहिजे.”

मग एके दिवशी सुरू झालं. मी बाहेरच्या बाकड्यावर होते. पडदा वाऱ्यानं हलला की आतलं दिसायचं. उज्ज्वलाताई दोन बोटं शीतलच्या डोळ्यांपुढं डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं नेत होत्या आणि शीतलचे डोळे त्या बोटांमागं जात होते. थोड्या वेळानं थांबायचं, श्वास घ्यायचा. “काय आलं?” असं विचारायच्या. शीतल काहीतरी पुटपुटायची. “बरं. तिथंच राहा,” आणि पुन्हा बोटं. एवढंच. डोळे हलवल्यानं मनातलं कसं हलतं, मला आजही कळलेलं नाही. उज्ज्वलाताई म्हणायच्या, “पुरतं मलाही सांगता येत नाही. आठवण जात नाही, तिची धार जाते, एवढं मी बघितलंय.”

घरी आल्यावर आत्याबाईंनी विचारलं, तिथं नेमकं काय करतात? मी बोटं हलवून दाखवली. त्या एकदम खूश झाल्या. “आगं, ही तर दृष्टच काढायली की! मग त्याला परभणीला कशाला जावं लागतंय? घरी कर.” मी त्यांना हसले. पण ते डोक्यात राहिलं. आठवड्यातून एकदाच जाणं, प्रगती एवढी हळू... मधल्या दिवसांत आपण थोडा सराव करून घेतला तर काय बिघडलं? पाढे नाही का आपण घरी म्हणून घेत? एका दुपारी मी शीतलला समोर बसवलं. आत्याबाई शेजारी मीठ-मोहरी घेऊन तयार. मी म्हणाले, “आठव फाट्यावरचं,” आणि बोटं हलवायला लागले. पोरगी माझ्यावर विश्वास ठेवून बघत राहिली. दहाबारा वेळा झालं असेल. तिचा चेहरा पांढरा पडला, तिनं दोन्ही हातांनी कान गच्च धरले आणि किंचाळली. डोळ्यांपुढं काय आलं ते तिनं तेव्हा सांगितलं नाही. तीन दिवस तिनं पाणीसुद्धा पोटात ठेवलं नाही. चौथ्या दिवशी सलाईन लावावं लागलं.

उज्ज्वलाताई दवाखान्यात आल्या. मी सगळं कबूल केलं. त्यांना संतापलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. “पोहायला शिकवताना पाठीला पत्र्याचा डबा बांधल्याशिवाय पोराला विहिरीत ढकलता का तुमी?” मग खाली बसल्या. फार दमलेल्या दिसत होत्या. म्हणाल्या, “उघडणं कुणालाबी येतं, बाई. मिटवायला शिकावं लागतंय.” आणि शीतलच्या उशाशी तिरकी खुर्ची ओढून पुन्हा त्या कापसाच्या ढिगापासून सुरुवात केली. माझ्या एका दुपारनं आम्हाला चार महिने मागं नेलं.

आता डब्याचं. आमची वेळ दुपारी बाराची असायची. एक वाजता बैठक संपली की त्या दार उघडायच्या, मलाही आत बोलवायच्या आणि आमच्या देखत आपला डबा काढायच्या. ज्वारीची भाकरी, एखादी पालेभाजी, ठेचा. सावकाश जेवायच्या. जेवताना इकडचं तिकडचं बोलायच्या, पावसाचं, वालूरच्या बाजाराचं. पण ‘या जेवायला’ म्हणून कधीही म्हणायच्या नाहीत. शीतलला तर नाहीच, मलाही नाही. मला ते फार लागलं. आमच्याकडं वैऱ्यालासुद्धा ताटावर बसताना ‘या’ म्हणतात! ही बाई माझ्या उपाशी पोरीसमोर बसून मिटक्या मारते आणि विचारत नाही? एकदा न राहवून मी शीतलला बाहेर पाठवलं आणि बोलले. त्यांनी घास संपवला आणि विचारलं, “हिला सकाळी उठल्यापासून ‘खा’ म्हणणारी माणसं किती हायेत?” मी मनात मोजलं. मी, आत्याबाई, माझा भाऊ, शेजारच्या काकू, डॉक्टर... “सगळेच म्हणतात,” मी म्हणाले. “मग एक जण न म्हणणारं असू द्या,” त्या म्हणाल्या आणि दुसरा घास घेतला.

वर्ष होत आलं असेल. असंच एक वाजता त्या जेवत होत्या आणि उन्हाळ्यात विहिरींना पाणी किती खोल गेलंय ते सांगत होत्या. शीतलनं हात पुढं केला, त्यांच्या भाकरीचा पापुद्रा तोडला, ठेच्याला लावला आणि तोंडात टाकला. उज्ज्वलाताई विहिरींबद्दलच बोलत राहिल्या, त्यांनी डबा जरासुद्धा तिच्याकडं सरकवला नाही. नंतर जिना उतरताना त्यांनी माझं मनगट एकदा घट्ट दाबलं.

घरी जाऊन मी रडत रडत आत्याबाईंना सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि मग त्यांनी विचारलं, “कोणाच्या डब्यातलं खाल्लं म्हणायलीस?” मला त्यांचा रोख कळला. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांच्यावर आवाज चढवला. “ज्यांच्यामुळं तुमची नात जगायली, त्यांच्या!” पण खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी त्यांचं आडनाव ऐकल्यावर माझ्याही मनात एक कप्पा उघडला होता, आणि तो मी घाईनं बंद केला होता. ते उज्ज्वलाताईंच्या लक्षात आलं असणारच. त्यांच्या लक्षात सगळं यायचं.

शीतल सावरत गेली तशी मला वाटलं, माझं काम झालं. तेव्हा एकदा बसमध्ये, बोरी मागं पडल्यावर, खिडकीबाहेर बघत शीतल म्हणाली, “आई, मला फाटा नाही दिसत गं. मला दवाखान्याचा व्हरांडा दिसतो.” आणि मग तिनं ते वाक्य म्हटलं. ते माझं होतं. मिस्टरांना आत घेऊन गेले होते, डॉक्टर बाहेर येऊन मान हलवून गेले, आणि मी व्हरांड्यात भिंतीला टेकलेल्या माझ्या सतरा वर्षांच्या पोरीकडं वळून म्हणाले होते, “तुला तेव्हाच भूक लागायची होती का?”

मी तिला म्हणाले, मी असं बोलले असेन तर मला आठवत नाही. खोटं होतं ते. मला रोज आठवत होतं. मला एवढीच आशा होती की त्या गडबडीत तिनं ऐकलं नसेल.

म्हणजे त्या दुपारी मी घरी बोटं हलवली तेव्हा तिनं कान का धरले होते, ते मला त्या बसमध्ये कळलं. आणि उज्ज्वलाताईंना हे कितीतरी महिने माहीत होतं. तरी एका शब्दानं त्यांनी मला कळू दिलं नाही, तशाच हसून आत बोलवायच्या. पुढच्या खेपेला मीच शीतलला बाकड्यावर बसवलं आणि स्वतः त्या तिरक्या खुर्चीत बसले. तीनदा बसले. तिसऱ्यांदा त्यांच्या बोटांमागं डोळे नेता नेता मी ते वाक्य मोठ्यानं म्हणाले आणि मग ‘चुकले, चुकले’ करत ढसाढसा रडले. त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, “हे मला सांगून काय उपयोग, बाई? बाहेर बसलीय तिला सांगा.”

बाहेर शीतल बाकड्यावर वही घेऊन बसली होती. मी म्हणाले, “चल, बस निघेल.”

तेव्हापासून दोन वर्षं तो प्रश्न. भेटले की, फोनवर बोललो की, शेवटी एकदा, “सांगितलं का?” ओरडा नाही, उपदेश नाही. मी कारणं द्यायचे, तिची परीक्षा आहे, आत्याबाई आजारी आहेत. आत्याबाई गेल्या, परीक्षा संपली, शीतल जिंतूरलाच एका शाळेत विज्ञान शिकवायला लागली, तरी माझं ‘नाही अजून’ संपेना. शेवटचं बोलणं झालं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “दमले हो, बाई. समोर एवढी लेकरं बसायलीत...” आणि वाक्य अर्धं टाकून विचारलं, “सांगितलं का?” मी विषय बदलला. त्यांना ‘हो’ ऐकायला मिळालं नाही. याचं मला जे वाटतं ते दुःखापेक्षाही थकवा आहे. काही ओझी आपण उगाच इतकी वर्षं वाहतो.

त्यांच्या अंत्यविधीला मी गेले नाही, माझ्यानं उठवलंच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी शीतलनं स्वतः पिठलं-भाकरी केली, पालथा डबा सुलटा करून भरला आणि म्हणाली, “चल.” वालूरला आम्ही बोरीवरून गेलो. फाट्याच्या वाटेला ती अजूनही जात नाही. सगळंच बरं झालं असं कुणी समजू नये.

घरात पांढऱ्या साडीतल्या बायका बसल्या होत्या, भिंतीशी मेणबत्ती लावलेली, त्यामागं उज्ज्वलाताईंचा फोटो. त्यांची आई कोपऱ्यात. ऐंशीच्या घरातली म्हातारी. तीन दिवस तिनं चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. जो येईल तो तिला “दोन घास खा, माय” म्हणत होता, एक बाई तर घास घेऊन तोंडापाशी नेत होती आणि म्हातारी तोंड फिरवत होती. शीतल गेली, तिच्याजवळ बसली. समोर नाही, जरा तिरकी. डबा उघडला. आणि स्वतः जेवायला लागली.

मयताच्या घरात येऊन ही पोरगी सरळ जेवायला बसली! एका बाईनं माझ्याकडं बघून डोळे मोठे केले. मी मान खाली घातली नाही. शीतल भाकरी मोडत होती, घास तोंडाशी नेत होती, हात पुन्हा डब्याकडं. आणि म्हातारीचे डोळे त्या हातामागं चालले होते. मग तिनं झाकणावरचं आपल्या नवऱ्याचं नाव बघितलं. डबा ओळखला. मग खरखरीत आवाजात तिनं विचारलं, “भूक लागली व्हती का गं तुला?”

तेच शब्द होते जवळजवळ. शीतलचा घास हातात थांबला. तिनं माझ्याकडं नाही बघितलं, म्हातारीकडं बघितलं. म्हणाली, “हो आजी. लय भूक लागली व्हती.”

म्हातारीनं मान हलवली, “लागती, लेकरा, लागती,” म्हणाली. आणि हात पुढं करून भाकरीचा तुकडा तोडला.

निघताना अंगणात नळावर शीतल डबा विसळत होती. मी तिच्यामागं उभी राहिले. तयार केलेलं एकही वाक्य आठवलं नाही. मी म्हणाले, “शीतल, तुला भूक लागली होती. एवढंच झालं होतं. मी जे बोलले ते मला रोज आठवतं. चुकले मी.” ती डबा घासत राहिली. पाणी वाहत होतं. मग तिनं नळ बंद केला, डबा ओढणीनं पुसला, ओढणीच्या गाठीतलं काहीतरी त्यात ठेवलं आणि म्हणाली, “आजीनं दिलंय हे. डबा तुमच्याकडंच असू द्या, पण रिकामा नको न्यायला, म्हणाली.” डबा माझ्या हातात देताना तिचा ओला हात तसाच माझ्या हातावर राहिला.

कप्प्यात गुळाचा खडा आणि मूठभर शेंगदाणे होते. बस येईपर्यंत आम्ही वालूरच्या स्टँडवर बसलो. मी डबा मधे उघडा ठेवला आणि शेंगदाणे खायला लागले. तिला काही म्हणाले नाही.